राजपाल पैलवान फुटबॉलला गेला

१२ जून २०२४

आज आखाड्यात एक माणूस बूट घालून थेट मातीपर्यंत आला. सराव थांबला. मी म्हटलं, "भाऊ, पायातलं बाहेर." त्यानं लगेच काढले, कान पकडून माफीही मागितली. अमरदीप त्याचं नाव. पुण्याहून आलेला, बोलणं निम्मं हिंदी. त्याला राजपालला बघायचं होतं.

राजपाल माझा मुलगा. वय अठ्ठावीस, वजन एकशे सव्वीस किलो. मंगरूळपीरच्या या आखाड्यातच काय, अख्ख्या वाशीम जिल्ह्यात आज त्याच्या जोडीचा दुसरा भारी मल्ल नाही. सरावाला त्याच्या अंगावर दोन-दोन जण सोडावे लागतात. राज्य स्पर्धेत दोनदा उपांत्य फेरीत हरला, दोन्ही वेळा गुणांवर. पाठ कधी लागली नाही. हे मी कोणालाही सांगायचं सोडत नाही.

अमरदीपनं मोबाइलवर एक खेळ दाखवला. चेंडू गोल नव्हता, दोन्हीकडून निमुळता होता. सगळ्यांच्या डोक्यावर टोप, खांद्यावर गाद्या. समोरासमोर दोन रांगा वाकून उभ्या राहतात आणि शिटी वाजली की बैलांसारख्या एकमेकांवर आदळतात. म्हणे हा अमेरिकेतला फुटबॉल. आपल्याकडे त्याची लीग सुरू होणार आहे आणि पुढच्या रांगेला पैलवान हवेत.

मी विचारलं, "पायानं तं कोनीच खेळून नाही राह्यलं. मंग फुटबॉल काहून म्हनता?"

तो नुसता हसला.

मी नाही म्हणून सांगितलं. माती सोडलेला मल्ल परत येत नाही.

१५ जून

दोन दिवस घरात हाच विषय. बायको नानीबाई म्हणते पुणे लांब आहे. सून संगीता म्हणाली, "मामाजी, एकडाव त्यायले तं इचारा, त्यायच्या मनात काय हाय."

मी विचारलं. राजपाल म्हणाला, "बा, तुमी म्हनान तसं."

लहानपणापासून त्याचं हेच उत्तर. आश्रमशाळेत एकतीस वर्षं मी क्रीडाशिक्षक होतो, शेकडो मुलं हाताखालून गेली. पण इतका शिस्तीचा मुलगा दुसरा पाहिला नाही.

थोड्या वेळानं मात्र तो खाली बघत म्हणाला, "आपल्या आखाड्यातल्या हरीओमनं कारंजा रोडले जिम काढली. त्याले मानूस पाह्यजे. मी जाऊ का तिथी? रोज घरी येता येईन. निकिता बी लहान हाय."

माझं डोकं फिरलं. राज्याला खेळलेला मल्ल लग्नाळू पोट्ट्यांचे दंड फुगवत बसणार! त्या तिरीमिरीतच अमरदीपला फोन लावला आणि सांगितलं, पोरगा येईल. त्यापेक्षा फुटबॉल बरा. निदान समोर माणूस तरी असतो.

३ जुलै

राजपाल गेला. स्टँडवर आमच्या बंजारा तांड्यावरची माणसं आली होती. निकिता बापाच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. चार वर्षांची आहे, तिला त्या खांद्याची सवय. शेवटी संगीतानं तिला उतरवून घेतलं.

गाडी सुटल्यावर आखाड्यात आलो. माती उकरली, ताक-तेल घातलं. उगाच. आज सरावाला कोणी नव्हतं.

२८ जुलै

राजपालचा फोन. खाणं चांगलं आहे, गादीवर झोपायला मिळतं. "टोप लय जड हाय बा. सांजच्यानं डोकं ठनकते." त्यांचा कोच परदेशी आहे. तो म्हणतो, डोकं वर ठेवा, खांद्यानं भिडा. राजपालला ते जमत नाही. आयुष्यभर डोकं घालून भिडलेला माणूस तो.

मी सांगितलं, "त्या गोऱ्याले काय समजते? डोकं घातल्याबिगर रेटा बसत नाही. तू आपल्या पद्धतीनं भीड."

"हाव बा," म्हणाला.

१८ ऑगस्ट

पहिल्या अकरात निवड झाली. अमरदीपनं फोटो पाठवला. सगळ्या रांगेत आमचाच गडी रुंद दिसतो. फोन उचलून अमरदीप म्हणाला, "वस्ताद, आपका लडका दीवार है." मी विचारलं, कसा भिडतो? तो म्हणाला, "सर से. सामनेवाला हिल जाता है."

माझा सल्ला कामाला आला. फोटो मोठा करून आखाड्यात लावला. गुलाबसिंग बघायला आला होता. तो माझा जुना जोडीदार, आता शिवरात्रीच्या जत्रेतली कुस्त्यांची दंगल भरवतो. बराच वेळ फोटोपुढे उभा राहून म्हणाला, "मदनसिंग, टोपात चेहरा तं दिसूनच नाही राह्यला. हा राजपालच हाय ना?"

त्याला हेवा वाटला असणार.

२३ सप्टेंबर

काल पुण्यात सामना पाहिला. मी आणि गुलाबसिंग गेलो होतो. गर्दी बेताची, पण दिवे, नाचणाऱ्या मुली, मोठमोठे भोंगे. नियम शेवटपर्यंत कळले नाहीत. मी चेंडूकडे बघितलंच नाही. पुढच्या रांगेतल्या राजपालकडे बघत होतो. शिटी वाजली की तो आणि समोरचा धडकायचे. आवाज वरपर्यंत यायचा, दगडावर नारळ फोडल्यासारखा. काही वेळानं ते पुन्हा रांगेत आणि पुन्हा तेच. कुस्तीत माणूस एकदा पडला की निकाल लागतो. इथं निकालच लागत नाही, नुसतं उठायचं आणि पुन्हा भिडायचं.

मध्यंतरानंतर एकदा तो पडला. जरा उशिरा उठला आणि चालत जाऊन दुसऱ्या संघाच्या रांगेत उभा राहिला. सगळं मैदान हसलं. मोठ्या पडद्यावर त्याचं चालणं पुन्हा पुन्हा दाखवलं. मीही हसलो. गुलाबसिंग तेवढा हसला नाही.

एक माणूस धावत गेला, त्याच्यासमोर बोटं धरली. राजपालनं काहीतरी सांगितलं आणि तो परत खेळायला लागला.

नंतर भेटला तेव्हा मी म्हटलं, "काय बे, पार्टी बदलली का?"

तो म्हणाला, "मले आठवत नाही बा."

"मंग बोटं कशी सांगतली?"

"तो नेहमी दोनच दाखवते. सगळेच दोन म्हनतात."

हुशार आहे पोरगा. जेवताना दोनदा उठून ओकून आला. हॉटेलचं तेल बाधलं. "याडी आली काय?" असं त्यानं विचारलं. आईला तो याडी म्हणतो. मी म्हटलं, तिला प्रवास झेपत नाही. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. निघताना तिसऱ्यांदा. मी म्हटलं, "किती आठोन काढशीन? आता पोरीचा बाप झाला तू."

१० ऑक्टोबर

संगीता आज माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, त्यांचा फोन आला होता. निकिता कोणत्या शाळेत जाते म्हणून एकाच फोनमध्ये चारदा विचारलं. "अंगणवाडीत जाते, हे त्यायनंच नाव टाकलं होतं मामाजी."

मी समजावलं, घरची ओढ लागली की माणूस असाच बोलतो. मी स्वतः नागपूरला पहिल्यांदा कुस्ती खेळायला गेलो तेव्हा तीन दिवस जेवलो नव्हतो.

ती म्हणाली, "तुमी परत आले तेवा तुमाले घराचा रस्ता आठवत होता ना?"

सुनेनं असं बोलावं हे मला आवडलं नाही.

२ नोव्हेंबर

लीग बंद पडली. काय झालं ते अमरदीप नीट सांगत नाही. फोन उचलतो तेव्हा म्हणतो, पुढच्या वर्षी मोठी होईल. सगळ्या खेळाडूंना घरी पाठवलं. राजपाल ऐन दिवाळीत आला. नानीबाईनं ओवाळलं. निरांजन तोंडाजवळ आल्यावर त्यानं डोळे गच्च मिटले आणि मान वळवली. ती रडायला लागली, ओवाळणं असं कोणी टाळतं का म्हणून.

मी विचारलं, "फुटबॉल सपला तं सपला. आखाड्यात कधी येशीन?"

"येतो बा. जरा झोपतो."

१५ नोव्हेंबर

झोपतोच आहे. खिडकीला गोधडी लावून घेतली आहे. दिवसाही खोलीत अंधार लागतो. उजेड टोचतो म्हणे. पायरी उतरताना भिंत धरतो. एकशे सव्वीस किलोचा गडी म्हाताऱ्यासारखा पाय टाकतो.

मला संशय आला. तो झोपलेला असताना जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. आला नाही. तरी खात्री वाटत नाही. पुण्यात कसल्या कसल्या सवयी लागतात.

मला तो लाजलेला दिसतो. गाजावाजा करून गेला आणि हात हलवत परत आला. लाजलेल्या मल्लाला औषध एकच, माती.

१ डिसेंबर

आज वाईट झालं. निकिता ताटावर चमचा वाजवत होती. राजपालनं ताट उचलून भिंतीवर फेकलं. एवढा जोरात ओरडला की शेजारचे आले. ज्या पोरीला त्यानं कधी "ए" केलं नव्हतं ती संगीताच्या मागे लपली. नंतर तो स्वतःच खाली बसून डाळ-भात गोळा करत होता आणि विचारत होता, "हे कोनं फेकलं?"

मी म्हटलं, "नाटकं नको करू."

त्यानं माझ्याकडे बघितलं. कसं ते लिहिता येत नाही.

संध्याकाळी संगीता म्हणाली, "मामाजी, अकोल्याले डोक्याचे डॉक्टर हायेत. मशीनमधून फोटो काढतात. त्यायचं डोकं दुखते, मन नाही."

नानीबाईनं आधीच दर्ग्यावर नेऊन आणलंय, तांड्यावरच्या भगताचाही धागा हातात आहे. त्यात आता डॉक्टर. मी म्हटलं, शिवरात्र होऊ दे, मग बघू. कारण गुलाबसिंगशी माझं बोलणं झालं आहे. दंगलीतली शेवटची कुस्ती राजपालची. हिंगोलीकडचा एक तरणा भारी मल्ल पुढे येतोय, त्याच्याशी. एकदा डफडं वाजलं, लोकांनी नाव घेतलं, की हा उभा राहील. मी माझ्या मुलाला ओळखतो.

८ जानेवारी २०२५

आखाड्यात आणतोय रोज. अंग तेच आहे, ताकदही तीच. पण मध्येच थांबतो. आज समोरच्याची कंबर धरली आणि तसाच उभा राहिला. मी ओरडलो, "ढाक लाव!" त्यानं विचारलं, "ढाक म्हंजे?"

जो डाव मी त्याला दहाव्या वर्षी शिकवला, ज्या डावावर त्यानं विदर्भ मारला.

मी उतरून त्याच्या थोबाडीत दिली. सगळ्यांच्या देखत. त्याचा डावा डोळा मिटत-उघडत होता. मग हळूच म्हणाला, "बा, डोक्यावर नका मारू."

रागाच्या भरात लिहितोय. उद्या वाचून कदाचित लाज वाटेल. पण आत्ता वाटत नाही.

२ फेब्रुवारी

राजपाल सकाळी माझ्या खोलीत आला. चौकट धरून उभा राहिला. मग म्हणाला, "बा, मले नाही लढाचं."

उभ्या जन्मात त्यानं मला पहिल्यांदा नाही म्हटलं.

"काहून?"

"भेव लागते."

"त्या पोट्ट्याचं?"

"नाही. पडलो की मले समजत नाही मी कुठी हावो. ते भेव."

भीती वाटते म्हणणाऱ्या मल्लाशी काय बोलायचं असतं ते माझ्या वस्तादांनी मला शिकवलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही, त्यानं वाढलेलं पाणी घेतलं नाही. आज येऊन म्हणाला, "लढतो बा."

जीव भांड्यात पडला. पण मला हवा होता तसा आनंद झाला नाही.

१३ फेब्रुवारी

बाजाराला म्हणून निघालेली संगीता राजपालला घेऊन अकोल्याच्या गाडीत बसली. मला गुलाबसिंगनं फोन करून सांगितलं. मी धावत स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती, ड्रायव्हर चहा पीत होता. दोघं मागच्या बाकावर. राजपालच्या डोक्यावर उपरणं, डोळ्यांवर संगीतानं कुठून तरी आणलेला काळा चष्मा. संगीताच्या मांडीवर पिशवी.

मी म्हटलं, "उतर."

संगीता म्हणाली, "मामाजी, सांजच्यापावतर वापस येतो. फक्त दाखवून येतो."

"दंगलीले तेरा दिवस राह्यले. आता डॉक्टरनं काही सांगतलं तं याच्या मनात घर करन ते. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी सोता नेतो. राजपाल, उतर."

तो उठला. संगीतानं त्याचा हात धरला होता. त्यानं तो हळूच सोडवला आणि खाली आला. ती एकटीच बसून राहिली. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा पिशवी घेऊन उतरली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी बोलावलं तं ते बसले होते. तुमी बोलावलं तं उतरले. ध्यानात ठेवा मामाजी, कोनाच्या बोलावन्यानं काय झालं."

फार बोलायला लागली आहे. शब्द मी दिलेला आहे, गुलाबसिंगनं पत्रकं वाटली आहेत, पाच तांड्यांची माणसं येणार आहेत. हे तिला कळायला पाहिजे.

४ मार्च, नागपूर

इतके दिवस लिहिलं नाही. आता दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. आत संगीता आहे. एकालाच सोडतात आणि ती मला जाऊ देत नाही.

शिवरात्रीला चारच्या सुमारास शेवटची कुस्ती लागली. ऊन तोंडावर होतं. राजपाल लंगोट लावून मातीत उतरला तेव्हा लोक उठून उभे राहिले. त्याचं नाव घेत होते. मी कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठावर होतो. माझी छाती भरून आली होती, हेही लिहिलं पाहिजे.

पंचानं दोघांचे हात मिळवले. डफडं वाजायला लागलं. राजपाल तीन पावलं मागं गेला. मग वाकला. एक हात जमिनीला टेकवला, कंबर वर, मान खाली. आणि तसाच राहिला.

लोकांना वाटलं नवा डाव आहे. कोणीतरी "फुटबॉल, फुटबॉल" म्हणून ओरडलं. टाळ्या पडल्या, हसू उसळलं. राजपाल हलला नाही. तो शिटीची वाट बघत होता. मला कळलं. तिथं बसलेल्या एवढ्या हजारो माणसांत फक्त मला आणि गुलाबसिंगला कळलं, कारण पुण्यात आम्ही दोघंच होतो.

हिंगोलीच्या पोरानं पुढं टाकलेला पाय मागं घेतला. माझ्याकडे बघून म्हणाला, "वस्ताद, यायले बरं नाही काय?" पंचानंही माझ्याकडे बघितलं. गुलाबसिंग माझा दंड धरून म्हणत होता, "मदनसिंग, वर घे त्याले. मी लोकायले सांगतो काहीबी. वर घे."

मी म्हटलं, "लढवा."

पंचाच्या गळ्यात शिटी होती. त्यानं ती वाजवली. राजपाल डोकं घालून सुटला. मल्ल असा सुटत नसतो. पोरगा बाजूला झाला, वाचायला म्हणून झाला, डाव म्हणून नाही. आणि राजपाल हौदाच्या काठाच्या दगडी बांधावर, माझ्या पायापासून हातभर अंतरावर, डोक्यानं आदळला. तो आवाज मी पुण्यात ऐकला होता. तिथं वरपर्यंत आला होता. इथं माझ्या पायात शिरला.

मग त्याचं अंग ताडताड उडायला लागलं. दातखिळी बसली. डफडेवाल्याला दिसत नव्हतं, तो वाजवतच होता.

हिंगोलीचा पोरगा सगळ्यात आधी पोचला. त्यानं राजपालचं डोकं मांडीवर घेतलं. तोच अकोल्यापर्यंत गाडीत बसून आला, लंगोटावर नुसतं उपरणं गुंडाळून. अकोल्यानं नागपूरला पाठवलं. इथं डोकं उघडलं.

१९ मार्च, नागपूर

डॉक्टरीण बाई तरुण आहेत. आम्हाला दोघांनाही बसवलं. विचारलं, याआधी बेशुद्ध कधी झाले होते? उलट्या? उजेडाचा त्रास? विसरणं? चिडणं? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर संगीता देत होती. मला सगळं माहीत होतं, सगळं मी इथं लिहून ठेवलेलं आहे. पण उत्तर म्हणून ते एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

बाई म्हणाल्या, हे एका दिवसाचं नाही. आतली सूज जुनी होती, शिवरात्रीच्या मारानं रक्तस्राव झाला. आधी आणलं असतं तर मैदानात उतरूच दिलं नसतं.

मी विचारलं, "डोकं घालून भिडल्यानं होते काय हे?"

त्या म्हणाल्या, "त्यानंच होतं, बाबा. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं का, डोकं वर ठेवायला?"

संगीतानं माझ्याकडे बघितलं नाही. तिला तो फोन माहीत नाही. मीही सांगितलं नाही. बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं. मागे माणसं पाण्यासाठी थांबली होती, त्यांनी हटकलं तेव्हा बाजूला झालो.

२० एप्रिल

त्याला सुट्टी मिळाली. जगला. वजन खूप उतरलं, उजवा हात थरथरतो, बोलायला शब्द कमी आहेत. निकिताला ओळखतो. संगीताला ओळखतो. याडी म्हणतो.

गाडी मंगरूळपीरकडे वळायची तिथं संगीतानं ड्रायव्हरला सांगितलं, सरळ मालेगाव. तिचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या तांड्यावर आहे. मी म्हटलं, घर इकडं आहे. ती म्हणाली, "तुमचं."

नानीबाई रडत होती, तरी ती सुनेच्या बाजूला सरकून बसली. मी फाट्यावर उतरलो.

११ मे

गुलाबसिंग आला होता. दंगल यापुढे भरवणार नाही म्हणाला. आखाड्यासाठी कोणी नवा वस्ताद बघू का, असं विचारत होता. मी म्हटलं, बघ. सराव करणारे तसेही शिवरात्रीपासून कोणी येत नाहीत. मी माती उकरत नाही, पाणीही मारत नाही. ती आता चालताना पायाला टोचते, शेतातल्या ढेकळांसारखी.

त्याला विचारलं, "तू माहा दंड धरला होता. जोरात काहून नाही ओढलं?"

तो म्हणाला, "तू वस्ताद होता."

१ जून

आज मालेगावला गेलो. कोणाला सांगितलं नव्हतं. संगीताच्या बापाचं घर तांड्याच्या टोकाला आहे, समोर कडुलिंब. फाटकातून दिसलं, राजपाल बाजेवर बसला होता. निकिता त्याच्या मांडीवर शेंगा टाकत होती आणि तो डाव्या हातानं फोडून तिला दाणे देत होता. मध्येच एक दाणा तिनं त्याच्या नाकावर ठेवला. तो हसला. तोंड एका बाजूला जातं, पण हसला. मी त्याला असं हसताना कधी पाहिलं होतं ते आठवेना.

फाटक वाजलं. त्यानं वर बघितलं आणि मला ओळखलं. तिथं पोचेपर्यंत माझी एकच भीती होती, ओळखतो की नाही.

ओळखलं आणि तो उठला. निकिताला बाजूला ठेवलं. सदरा काढायला लागला. उजवा हात बाहीत अडकला तर ओढून काढला. घडी घालायचा प्रयत्न केला, बाजेवर ठेवला. मग पाय फाकवून उभा राहिला आणि बैठका मारायला लागला.

त्याच्या डोक्यावर अजून टाक्यांची जागा दिसते. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं आहे, जोराचं काही करायचं नाही, शिरेवर ताण यायला नको. तो खाली जायचा, वर येताना तोल जायचा, परत खाली. तोंडानं मोजत होता. एक, दोन. एक, दोन. पुढचे आकडे नव्हते.

मी म्हटलं, "राजपाल, राहू दे बाप्पा. बस झालं."

माझा आवाज ऐकून तो जोरात मारायला लागला.

"बस म्हनतो ना मी! थांब!"

आणखी जोरात. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. नजर माझ्यावर. त्या नजरेत राग नव्हता. बरोबर करतोय ना, एवढंच होतं.

संगीता आतून धावत आली. त्याच्या कमरेला मिठी घातली, तरी तो तिच्यासकट खाली जात होता. ती ओरडली, "मामाजी, तुमी जा! तुमी समोरून हालल्याबिगर थांबत नाहीत ते! जा ना!"

मी फाटकाबाहेर आलो. भिंतीच्या आड उभा राहिलो. एक, दोन. एक, दोन. मग नुसता श्वास. मग निकिताचा आवाज, "बाबा, शेंगा सांडल्या."

बऱ्याच वेळानं संगीता बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता. मी पाणी प्यालो. ती म्हणाली, "तुमच्यावर राग धरून म्हनत नाही मामाजी. पन तुमी नका येत जाऊ."

मी म्हटलं, "हाव."

७ जून

नानीबाई घरी परत आली आहे, पण आता दर रविवारी लेकाकडे जायचं म्हणते. तिला एकटीला गाडी बदलता येत नाही. उद्या मी तिला तांड्याच्या फाट्यापर्यंत नेईन. तिथं चहाची टपरी आहे, बाकडं आहे. घर तिथून दिसत नाही. ती परत येईपर्यंत मी बसेन.